तीन पानांचा घास

कोवळ्या मेंढीच्या कासेला हात लागला आणि थोरल्या जावेची बोटं ओली झाली. दूध! एडक्याचं तोंडही न पाहिलेल्या मेंढीला दूध?

"एडका हिच्याकडे सोडलात का हो?" ती नवऱ्यावर कडाडली.

"मोठ्यांत सोडला होता. तुझ्याशी खोटं बोलायची छाती आहे का माझी?"

हसायचं कुणाला सुचलं नाही. मोठ्या मेंढ्यांचे विण्याचे दिवस उलटून चालले होते आणि गोठ्यात एक कोकरू नव्हतं.

धाकटी जाऊ जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाई एकेकीच्या पोटावर गाभ बघायचं यंत्र फिरवत होत्या. थोरली मेंढीचं डोकं धरून उभी. बाईंचे ओठ हलले की तिचा जीव वरखाली.

"रिकामी. हीसुद्धा रिकामी. खायला काय घालता?"

"तीन पानांचा घास. निव्वळ! साधं गवत उगवलं की मी स्वतः बसून उपटते. असं स्वच्छ शेत दाखवा कुठे!" भीतीतही तिची मान ताठ.

बाईंनी यंत्र खाली ठेवलं. "या घासाच्या काही जातींत मादीच्या हार्मोनसारखं द्रव्य असतं. शरीर फसतं. दूध उतरतं, गाभ राहत नाही. गवत मिसळलेलं असतं तर एवढं बाधलं नसतं."

"म्हणजे मीच..."

"कपाळ नंतर बडवा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "बऱ्या होतील का, ते विचारा आधी."

"कोवळीची आशा आहे, आजपासून घास बंद केला तर. मोठ्यांनी वर्षानुवर्षं खाल्लाय. काहींची कूस कायमची गेली असेल."

बाई गेल्या तशी थोरलीनं घासाच्या शेताच्या फाटकाला कडी घातली. सवयीनं सगळा कळप मागोमाग आला आणि तिला ढुशा देऊ लागला. कोवळीनं फाटकाखालून मान घालून पाला ओढलाच. थोरलीनं तिच्या जबड्यात बोटं खुपसली. दात रुतले, रक्त आलं, तरी पाला बाहेर काढला.

"अहो जाऊबाई, दोन पानांनी काय होतंय!" धाकटी म्हणाली.

"तू गप्प बस. ह्यांना सांग, ट्रॅक्टर आणा, सगळं नांगरून टाका. तोवर मी इथून हलणार नाही."

फाटकाला पाठ लावून ती उभी राहिली. मेंढ्या तिच्याकडे बघून ओरडत होत्या. एकाएकी त्या गप्प झाल्या, वळल्या आणि कुंपणाच्या कडेनं पळत सुटल्या. शेताच्या पलीकडच्या टोकाला त्यांच्या रेट्यानं कुंपण करकरलं.