फक्त सामानाचे

बावीस हजार हा आकडा डॉक्टरने मान वर न करता सांगितला आणि नमुनेवाल्याने तो पुन्हा एकदा विचारून घेतला.

डॉक्टर म्हणजे मोटारसायकलींचा मेकॅनिक. वस्तीत त्याला हे नाव कौतुकाने पडलेलं नव्हतं. साध्या खोकल्यालाही हा माणूस ऑपरेशनच सांगतो, म्हणून पडलं होतं. आणि नमुनेवाला म्हणजे घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा करणारा, ते वेळेत लॅबमध्ये पोचवणारा. सासुरवाडीत त्याला नुसतं ‘नमुना’ म्हणत, पण ते प्रेमाने.

गाडी निळा धूर सोडायला लागली म्हणून त्याने ती फक्त दाखवायला नेली होती. “बघून ठेवतो,” डॉक्टर म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तर इंजिन तुकडे तुकडे होऊन टेबलावर पडलेलं. फोन नाही, विचारणं नाही. ही डॉक्टरची रीतच होती: आधी पोट फाडायचं, खर्च मग सांगायचा. फाडलेलं पोट घेऊन पेशंट जाणार कुठे? सिलिंडर आतून घासलाय, बोअर करून मोठा करावा लागेल, त्यात बसेल असा पिस्टन नवा, रिंगा नव्या, क्रँकचं बेअरिंग नवं. पटत नसेल तर खोक्यात भरून देतो, घेऊन जा, असंही वर ऐकवलं.

खोक्यात भरलेल्या गाडीवरून रक्त पोचवता येत नाही. लॅबने बजावून ठेवलं होतं की सोमवारी गाडीवर दिसला नाहीस तर तुझा भाग दुसऱ्याकडे जाईल. गुरुवार उजाडलाच होता.

त्या दिवशी तो घरात एका जागी बसला नाही. खिडकीशी गेला, नळाशी गेला, चप्पल घातली, काढली. शेवटी बायको म्हणाली, तुम्ही बसा तरी, नाहीतर मला घेरी येईल. मग तिने निकाल देऊन टाकला: बाबांना दाखवल्याशिवाय त्या माणसाला एक पैसुद्धा द्यायची नाही.

बाबा म्हणजे त्याचे सासरे. पस्तीस वर्षं स्वतःचं गॅरेज चालवलेला माणूस. चार वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी शटर खाली ओढलं. हेच इंजिन सहा वर्षांपूर्वी त्यांनीच उघडलं होतं. सिलिंडर बोअर केला, पिस्टन नवा घातला आणि मजुरी द्यायला गेलेल्या जावयाचा हात मागे सारून म्हणाले होते, “फक्त सामानाचे तेवढे द्या.” हे वाक्य त्या घरात भिंतीवरच्या तसबिरीसारखं होतं. आल्यागेल्या प्रत्येकाला बायको ते ऐकवायची. नमुनेवाल्यालाही ऐकायला आवडायचं, कारण लहानपणीच बाप गेलेल्या माणसाला पस्तिशीत बाप मिळाला होता.

शुक्रवारी सकाळी मात्र सासरे काही केल्या निघेनात. गुडघा दुखतोय. ऊन आहे. फोनवर विचारा ना, मी इथून सांगतो. सगळी सोंगं झाली, मग लेकीने स्वतः त्यांच्या पायात चपला सरकवल्या तेव्हा ते उठले. रिक्षात नमुनेवाल्याचा पाय सारखा हलत होता. सासरे बाहेर बघत बसले होते. आज त्या डॉक्टरची पोलखोल होणार, या आनंदात जावयाला त्यांचं गप्प बसणं दिसलंच नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर सासऱ्यांनी आधी क्रँक हातात घेतला. बोटांनी धरून वरखाली केला, कानाजवळ नेऊन फिरवला.

“बेअरिंग चांगलं आहे,” ते म्हणाले. “दोन वर्षं कुठे जात नाही.”

डॉक्टर खांदे उडवून म्हणाला, असू दे, काका म्हणतायत तर बेअरिंग राहू दे. बाविसाचे सोळा झाले. नमुनेवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चोर सापडला होता, तोही पहिल्याच झडतीत.

“झालं तर मग,” सासरे वळत म्हणाले. “बाकीचं काम खरं आहे. करू द्या त्याला. चला.”

आता, शहाणा माणूस इथे निघाला असता. मूठ झाकलेली होती आणि सव्वा लाखाची होती. ती उघडायची घाई जावयालाच झाली होती. एक खोटं निघालं म्हणजे सगळंच खोटं असणार, असा त्याचा सरळ हिशोब. त्याने टेबलावरचा जुना पिस्टन उचलला, फडक्याने त्याचा माथा पुसला आणि उजेडात धरला.

“हा माझा पिस्टनच नाही,” तो म्हणाला. “आमच्या बाबांनी सिलिंडर बोअर करून पन्नास नंबरचा घातला होता. वाढीव मापाच्या पिस्टनच्या माथ्यावर नंबर असतो. ह्याच्यावर काहीच नाही. कुणाचा तरी भंगारातला दाखवून मला गंडवतोस?”

सासऱ्यांनी त्याची बाही ओढली. “राहू द्या हो.” तो ऐकणार कुठे. आवाज चढला, शेजारच्या दुकानातली दोन माणसं बाहेर आली. बिल घरी कपाटात आहे, दाखवू का, असं तो दोनदा म्हणाला.

डॉक्टरला लोक काय काय म्हणत, ते त्याला ठाऊक होतं. पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने सिलिंडर उचलून नमुनेवाल्यासमोर ठेवला. “हा तरी तुमचा ना?”

त्याचाच होता. बाहेरच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या पात्यांपैकी एक कोपऱ्यात तुटलेली होती. लग्नाच्या वर्षी, बाबांनी इंजिन उघडायच्याही आधी, तो गाडीसकट दुभाजकाला घासून पडला होता, तेव्हाची. ती तुटकी कड त्याने बोटाने चाचपली आणि मान हलवली.

मग डॉक्टरने फळीवरून एक नवं खोकं काढलं. आतला पिस्टन चकचकीत होता, माथ्यावर पन्नास कोरलेलं. त्याने तो सिलिंडरच्या तोंडावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. पिस्टन आत गेला नाही. त्याने तो काढून नमुनेवाल्याच्या हातात दिला. नमुनेवाल्याने फिरवून, तिरका करून, जोर लावून पाहिला. नाही गेला. मग तोच बिननंबरचा जुना पिस्टन ठेवला, तो घरच्यासारखा आत शिरला.

सिलिंडर कधी बोअर झालेलाच नव्हता.

डॉक्टरने एकदा म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एकदम कामाला लागल्यासारखं करत म्हणाला, “मधे कुणीतरी सिलिंडरच बदलला असेल. होतं असं. काकांच्या नंतर कुणी उघडलं असेल.”

ज्याला आत्ताच चोर म्हटलं होतं, तो पळवाट काढून देत होता. नमुनेवाला त्या वाटेने आनंदाने गेला असता. पण तुटक्या पातीवर त्याचं बोट पुन्हा गेलं होतं, आणि सासऱ्यांचं त्या बोटाकडे लक्ष होतं.

“नाही,” सासरे म्हणाले. “कुणी उघडलं नाही. मी नुसत्या रिंगा बदलल्या.”

“आणि सामानाचे पैसे?”

“गॅरेजच्या जागेचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. मालक कुलूप घेऊन उभा होता.”

“माझ्याकडे मागायचे होते. मी दिले असते.”

“दिले असतेत, हे माहीत होतं,” सासरे म्हणाले. “म्हणून तर मागता आले नाहीत. जावयापुढे हात पसरण्यापेक्षा बिल हातात देणं सोपं वाटलं. मजुरी घेतली नाही, तेवढंच.”

नमुनेवाल्याला राग आला. साधासुधा नाही, कानशिलं तापवणारा. रक्कम कधीच विसरून गेली होती. पण सहा वर्षं तसबिरीला हार घातले होते आणि आत चित्रच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे हे सगळं पाहायला त्यानेच त्यांना रिक्षात घालून आणलं होतं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस कोपऱ्यातल्या टायरवर बसला तेव्हा त्याला आधार द्यायला याचा हात पुढे गेला नाही. त्याने डॉक्टरला काम करायला सांगितलं आणि सोळातले अर्धे मोजून दिले.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. गॅरेजच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्याने स्पीकर लावला. काय म्हणाले बाबा, तिने विचारलं, चोरच आहे ना तो?

सासरे जमिनीकडे बघत होते.

“बेअरिंग चांगलं होतं,” तो म्हणाला. “बाबांनी पकडलं. सहा हजार वाचले.”

“आणि बाकीचं? बाबांनी बसवलेला पिस्टन एवढ्यात कसा जाईल?”

“चाललाय की सहा वर्षं. मी कमी फिरवतो का गाडी?”

मी म्हटलं नव्हतं का, ती आनंदाने म्हणाली, बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही. संध्याकाळी त्यांना जेवायलाच घेऊन या.

फोन बंद झाला. सासरे टायरवरून उठायला लागले, उठता येईना, पुन्हा बसले.

“तिला सांगा, गुडघा दुखतोय,” ते म्हणाले. “मी येत नाही जेवायला.”

“यायचं,” नमुनेवाला म्हणाला. तो अजून त्यांच्याकडे बघत नव्हता. “नाही आलात तर ती कारण विचारेल. मला आज आणखी खोटं बोलता येणार नाही.”