शेंदरी ठिपक्याचा भुंगेरा

मार्गशीर्षातली सकाळ. देवराईच्या पर्णच्छत्रातून ऊन झिरपत होते; सोनसळी, संथ, सरकारी कामासारखे सावकाश. दवभारल्या नेच्यांवर, शेवाळश्यामल शिळांवर, आणि पडलेल्या ऐनाच्या ओंडक्यावर ओणवलेल्या प्राध्यापक भार्गव पाटणकरांच्या टकलावर ते सारख्याच श्रद्धेने उतरत होते.

प्राध्यापक निवृत्त झाले होते. त्यांचे भिंग अजून सेवेत होते.

लग्नाच्या वर्षी त्यांनी पत्नीला, मंजिरीबाईंना, वचन दिले होते : एक नवा भुंगेरा शोधीन आणि त्याला तुझे नाव देईन. इतरांच्या बायकांना पाटल्या मिळाल्या. मंजिरीबाईंना आश्वासन मिळाले; त्याला पॉलिश लागत नसे. अरण्ये पालथी झाली, गुडघे झिजले, आणि सापडलेल्या प्रत्येक भुंगेऱ्याला आधीच कुणीतरी नाव दिलेले निघाले.

आज सालीखालून तो आला. मसुराएवढा, काजळकाळा, कुळकुळीत. आणि पाठीवर एक ठिपका. केशरी, कोवळ्या सूर्यबिंबासारखा, कुठल्याही पुस्तकात नसलेला.

प्राध्यापकांच्या श्वासाने भिंग धुकटले, अरण्य थांबले.

"अगं, सापडली," ते कुजबुजले, "मंजिरी सापडली."

देवराईतली काडीही बाहेर न्यायची नाही, असा गावाचा नेम. ओळखायचे ते इथेच. शेजारी उभ्या असलेल्या मंजिरीबाई वाकल्या. भिंगातून भुंगेऱ्याकडे पाहिले. मग शेजारच्या देवाच्या दगडाकडे, ताज्या शेंदराने तेलतेजाळ झालेल्या. मग स्वतःच्या बोटाकडे. मगाशी देवाला शेंदूर लावताना माखलेले बोट त्यांनी याच ओंडक्याच्या सालीला पुसले होते.

बोलल्या नसत्या, तर नाव त्यांचे होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "शेंदूर आहे तो. माझ्याच बोटाचा."

प्राध्यापकांनी भिंग पुसले, पुन्हा पाहिले. ठिपका एका बाजूला जरासा ओघळला होता. निसर्ग सहसा ओघळत नाही. ठिपक्याखालचा भुंगेरा तर अगदी ओळखीचा, घरोब्यातला म्हणावा असा.

मग ते हसू लागले. आधी मिशीत, मग पोटात, मग ओंडका हलेपर्यंत.

"म्हणजे मी द्यायच्या आधी तूच घातलंस की नाव त्याच्या पाठीवर."

"तुमच्या भरवशावर किती दिवस राहायचं?"

भुंगेरा या चर्चेला थांबला नाही. काळा, कुळकुळीत, शेंदूरतिलकित, तो सालीच्या भेगेकडे निघाला. ऊन ओलांडून, सावली ओलांडून, ओलसर लाकडाच्या निबिड, निवांत अंधारात. सगळ्यात शेवटी आत गेला तो ठिपका, मंजिरीबाईंच्या बोटाचा. इवल्या देवळात नेलेल्या इवल्या दिव्यासारखा.