पोटातून आलेलं

उत्तरेश्वरनं आसारामच्या दुकानातली खुर्ची ओढत बाहेर आणली आणि भर रस्त्यात आडवी केली. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आधीच खुर्चीवरून उठून भिंतीला चिकटलं होतं. समोरच्या हॉटेलातली माणसं हातात कप घेऊन उभी राहिली.

"माझ्या भावाला तू खाल्लंस बे! एकच पातं साऱ्या गावाच्या तोंडावरून फिरवलंस!"

"न्हाई रे बाबा." आसारामच्या हातात वस्तरा तसाच होता. तो त्यानं आधी बंद केला. "दर गिऱ्हाइकाला नवं पातं घालतो मी. तुझ्या म्होरंच फोडतो की."

"मंग मला कावून झालं? दादाला कावून झालं?"

मंगल धावत आली. तिनं धाकट्या भावाच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं. घराकडं वळताना तिनं आसारामकडं पाहिलं नाही. त्याच्याकडं पाहणं तिला जमलं नाही.

थोरला भाऊ शहादेव जाऊन जेमतेम दोन महिने झाले होते. उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले, तेव्हा घरच्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली आणि पथ्य सुरू केलं. मग पोटात पाणी भरायला लागलं. अंबाजोगाईला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा काविळीचा ‘बी’ विषाणू, म्हणजे हिपॅटायटिस बी आहे, हा किती वर्षांपासून आत बसून लिव्हर पोखरत होता कुणास ठाऊक. आता घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. दुःखाच्या घरात ते राहूनच गेलं. शेवटी गावातल्या उपकेंद्राच्या वनमाला सिस्टरनं घरी येऊन माय कौशल्याबाई, उत्तरेश्वर आणि सिरसाळ्याच्या सासरहून आलेली मंगल, अशा तिघांचं रक्त नेलं. शहादेवाची बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. तिथं त्यांचं तपासलं गेलं.

खुर्ची रस्त्यात आली त्या दिवशी सकाळीच सिस्टरनं मंगलला उपकेंद्रात बोलावून घेतलं होतं. स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं.

"तिघांनाबी?" मंगलनं विचारलं.

"तिघांनाही. पण घाबरू नको. तुमचं लिव्हर अजून चांगलं दिसतंय. गोळ्या लागल्याच तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तपासणी तेवढी सोडायची नाही."

"आलं कुठून हे?"

सिस्टरनं तिन्ही कागद पुढं ठेवले. "आईलाही आहे आणि तिच्या तिन्ही लेकरांना. बहुतेक बाळंतपणातच गेलंय, मंगल. जन्मल्याबरोबर बाळाला टोचायची लस तेव्हा कुठं होती? यात मायचा काहीच दोष नाही."

घरी येताना मंगलच्या डोक्यात तेवढंच घुमत राहिलं. माय शहादेव गेल्यापासून धड जेवत नव्हती. भाकरी समोर घ्यायची, कुस्करायची आणि कोंबड्यांना टाकायची. तिला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

तिनं घरात सांगितलं की मायला आणि उत्तरेश्वरला आहे.

"आन् तुला?" मायनं विचारलं.

"मला न्हाई निघालं."

"मंग आमाला कशातून आलं?" उत्तरेश्वरनं विचारलं.

"काय माहीत. सुई, दाढीचं पातं, कशातून बी येतंय म्हने."

एवढंच ती बोलली. उत्तरेश्वर उठला आणि पायात चपलाही न घालता बाहेर पडला.

आठवडाभरात आसारामचं दुकान ओस पडलं. माणसं दाढीला माजलगाव गाठू लागली. तो सकाळी दुकान उघडायचा, आरसा पुसायचा आणि उंबऱ्यावर बसून राहायचा. मंगल त्या वाटेनं जाणं टाळायची.

गावातल्या पोरांनी आणि सिस्टरनं मिळून शाळेत तपासणी ठेवली. भोंगा लावलेली रिक्षा आळीआळीतून फिरली. रक्त तपासायचं फुकट, लस फुकट, गरोदर बायांनी तर यायलाच पाहिजे, असं भोंगा ओरडून सांगत होता. त्या दिवशी सकाळपासून पुरुषांची रांग लागली. आसारामकडं दाढी केलेला जो तो आला. बाया मात्र फिरकल्या नाहीत.

शेजारची तुळजाबाई ओट्यावर येऊन टेकली. तिची सून तेजश्री दिवसांत होती, पोट पार खाली उतरलं होतं. ती आपल्याच दारात उभी राहिली.

"चला की काकू," मंगल म्हणाली. "तेजश्रीला तरी न्या."

"आमी काय करायचं तिथं?" तुळजाबाई हसली. "आमी बाया काय आसारामकडं दाढी करतो का?"

आत माय डाळ पाखडत होती. ती दारातून दिसत होती. मंगल एकदा तेजश्रीच्या पोटाकडं बघत होती, एकदा मायकडं.

सुपाचा आवाज थांबला. कौशल्याबाई उठली, पदर खोचला आणि बाहेर आली.

"उत्तरेश्वर, चल रे."

"कुठं?"

"चल म्हन्ते न्हवं."

तो तिच्या मागं निघाला. मंगलही निघाली. माय सरळ आसारामच्या दुकानासमोर जाऊन थांबली. आसाराम उंबऱ्यावरून उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आता आणखी काहीतरी फुटणार.

"ह्याची दाढी कर," माय म्हणाली.

"माय, येड लागलं का तुला?"

"बस तिथं."

तिच्या आवाजात असं काही होतं की उत्तरेश्वर खुर्चीत बसला. हॉटेलातली माणसं पुढं सरकली. तुळजाबाईही मागून आली होती.

"ह्या आसारामनं कायबी केलेलं न्हाई," कौशल्याबाई म्हणाली. ती ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "म्या सिस्टरकडं गेलते. खरं काय ते सांग म्हनलं. माझ्याच रक्तात हाय हे. बाळंतपणात गेलं ते लेकराला. ह्याला माझ्यापासून आलं. आन् माझ्या शहादेवाला..."

तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"त्यालाबी माझ्यापासूनच," ती म्हणाली. "मला कुठून आलं, ते इचारायला माझी माय जित्ती न्हाई."

आसारामनं नवं पातं घेतलं. त्याचा कागद सगळ्यांसमोर फोडला. मग त्यानं फेस लावला. आरशात उत्तरेश्वरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि फेसावरून खाली ओघळत होतं.

"हलू नको," आसाराम हळूच म्हणाला. "लागंल."

माय तुळजाबाईकडं वळली. "तुमच्या सुनंला घेऊन चला. रक्तात निघालं तर लेकराला जन्मल्याबरोबर टोचत्यात, मंग त्याला होत न्हाई म्हन्त्यात. माझ्या टायमाला हे न्हवतं, बाई. असतं तर..."

तुळजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घराकडं निघत हाक मारली, "ए तेजश्री, चपला घाल."

दुपारपर्यंत शाळेच्या वऱ्हांड्यात बायांची रांग लागली. रांगेत कौशल्याबाईच्या पुढचीमागची जागा मात्र काहींनी थोडी मोकळीच ठेवली. तिच्या ते लक्षात आलं. ती तेजश्रीचा हात धरून तशीच उभी राहिली. तेजश्रीचं रक्त चांगलं निघालं. खालच्या आळीतल्या एका पोटुशीच्या रक्तात निघालं. सिस्टरनं तिला बाजूला बसवून घेतलं आणि बराच वेळ तिच्याशी बोलत राहिली.

संध्याकाळच्या एसटीनं मंगल सिरसाळ्याला निघाली. माय थांब्यापर्यंत सोडायला आली. दोघी लिंबाखाली उभ्या राहिल्या.

"माय, तुला कळू नये म्हनून मी..."

"कळलं मला. ऱ्हाऊ दे."

लांबून एसटी वळणावर दिसली. मायनं मंगलच्या पिशवीचा बंद उगीचच सोडला आणि पुन्हा बांधला.

"सिरसाळ्याला गेलीस की लेकरांचं रक्त तपासून घे," ती म्हणाली. "दोघांचंबी."

मंगलनं पिशवी जवळ ओढली. "मला कुठं निघालंय, माय? मी सांगितलं होतं की."

"हां. सांगितलंस तू."

मायनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. तो हात खरखरीत होता.

"तरीबी घे," ती म्हणाली आणि एसटीला हात करायला रस्त्यावर पुढं झाली.