पूरा खाली करें

सकाळी अकराच्या सुमारास मी शैलेंद्रला जे बोलले, ते गेटवरच्या पंचवीस-तीस माणसांनी ऐकलं. माझा आवाज मुळातच मोठा आहे. वडील फॅक्टरीत होते. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची त्यांची सवय त्यांनी घरी आणली आणि ती माझ्याकडे राहिली.

प्रकार असा झाला. जबलपुरातल्या एका रुग्णालयाच्या चारही गेटांवर आमच्या कंपनीने बोलार्ड बसवले आहेत, म्हणजे रस्त्यातून वर येणारे जाड लोखंडी खांब. बटण दाबलं की वर येतात, दुसरं दाबलं की जमिनीत जातात. त्याच दिवशी चार वाजता हे काम रुग्णालयाच्या ताब्यात द्यायचं होतं. त्यासाठीची फाइल माझ्या हातची: नकाशे, चाचण्यांचे कागद, गार्डांसाठी सूचनांचं कार्ड, सगळं. बावीस वर्षं मी अशा फायली करते आहे. डोळ्यांत तेल घालून करते, असं मीच चारचौघांत सांगत असते.

पावणेअकराला वीज गेली. गेटांची लाइन अजून जनरेटरवर घेतलेली नव्हती. दोन नंबरच्या गेटवर पाटनहून आलेली अॅम्ब्युलन्स उभी आणि तिच्यापुढे तीन खांब कमरेएवढे वर. वीज नसताना खांब हाताने उतरवायची सोय असते. पंपाच्या पेटीत तेलाच्या टाकीजवळ दोन चाब्या, म्हणजे व्हॉल्व्ह, आहेत, त्यातली वरची फिरवली की खांब आपल्या वजनाने जमिनीत जातात. गार्ड शैलेंद्रने खालची फिरवली. टाकीतलं तेल बादलीत पडत राहिलं आणि खांब जागचे हलले नाहीत. शेवटी नातेवाइकांनी आजारी म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर उतरवलं आणि खांबांच्या मधून, भर उन्हातून ढकलत नेलं. एका बाईने सलाइनची बाटली हात उंच करून धरली होती. मी धापा टाकत पोचले तेव्हा ती माझ्या अगदी जवळून गेली. तिने माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे बघितलं आणि पुढे गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वरची चाबी फिरवली, तिन्ही खांब निमूट खाली गेले, आणि मी शैलेंद्रकडे वळले.

"दिमाग़ गिरवी रख आए हो क्या? आदमी मर जाता तो? इतना सा काम नहीं होता तो वर्दी काहे को पहनी है?"

तो चाळिशीचा माणूस, कुंडमकडचा, नोकरीला लागून एकोणीस दिवस झालेले. कोपरापर्यंत हात तेलाने माखलेले. "मैडम, कार्ड में जो लिखा है, वही किया," तो म्हणाला.

"कार्ड मैंने लिखा है! मुझे सिखाओगे?"

कार्ड तिथंच, पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं. मी ते वाचलं नाही. स्वतःच लिहिलेलं काय वाचायचं?

दीडपर्यंत सगळं ठरूनही गेलं. आमचे मालक हेमचंद्र माझ्याहून आठ वर्षांनी लहान, कामात तडफदार, पण संकट आलं की त्यांना आधी दुसऱ्याची मान दिसते. गार्डांच्या एजन्सीशी त्यांनी फोनवर बोलून घेतलं होतं. शैलेंद्रला आजच काढणार होते, आणि पोलिसांत तक्रार गेलीच तर नाव त्याचं जाणार होतं. राहिला होता फक्त माझा अहवाल. घटना, वेळ, कारण, उपाय.

"दीदी, काहून वेळ लावून राहिल्या?" हेमचंद्र माझ्या टेबलाशी आले. "गार्डची लापरवाही. इतकंच तर लिहायचं आहे. प्रशिक्षणाच्या कागदावर त्याची सही आहे न?"

"आहे."

"चलो मग."

खरं तर मी लिहिणारच होते. माझंही मत तेच होतं. फक्त आधी वेळा जुळवून घ्याव्यात म्हणून कारणाचा रकाना शेवटी ठेवला होता. तेवढ्यात रुग्णालयाचे इंजिनियर साहेब आले. ते माणूस शांत, पण कागद बारकाईने बघणारे. त्यांनी उभ्याउभ्याच अहवालाचं पान हातात घेतलं.

"मैडम, कारण वाला कॉलम खाली है."

मी पानाच्या तळाशी बघितलं. तळाशी सहीची जागा होती, बाकी काही नाही.

"नीचे नहीं, मैडम. ये, बीच में," त्यांनी बोट ठेवलं. "खाली पड़ा है. भर दीजिए."

मी मान हलवली आणि ते गेले. मी मात्र त्या कोऱ्या रकान्याकडे बघत बसले. खाली. त्यांनी म्हटलं खाली, म्हणजे रिकामा. मी ऐकलं खाली, म्हणजे तळाशी. चार पिढ्यांपासून जबलपुरात असलेल्या घरातली, शाळेत हिंदीत पहिली आलेली बाई, आणि क्षणभर मला मराठीच ऐकू आली होती.

फाइलमधली कार्डाची प्रत काढली. दुसरी ओळ: "बिजली न हो तो टंकी के पास वाली चाबी घुमाकर पूरा खाली करें।"

हे कार्ड मी दोन महिन्यांपूर्वी गेटवर बसून लिहिलं होतं. भाऊराव सांगत होते, मी लिहीत होते. भाऊराव म्हणजे दीक्षितपुऱ्यातले आपले मराठी माणूस, गार्डांतले सगळ्यांत जुने. "ताई, ही चाबी फिरवायची अन् पूर्ण खाली करायचं." घरी येऊन त्याचं हिंदी केलं. 'पूर्ण'चं 'पूरा' केलं, 'करायचं'चं 'करें' केलं. 'खाली' हा शब्द हिंदीतही आहेच, म्हणून माझी नजर त्याच्यावरून सरळ पुढे गेली. सगळ्या चाचण्या भाऊरावांनीच दिल्या आणि सगळ्या पास झाल्या. मागच्या महिन्यात ते निवृत्त झाले.

मी त्यांना फोन लावला.

"भाऊराव, कार्डावर 'पूरा खाली करें' लिहिलं आहे. तुम्ही त्याचं काय समजले होते?"

"काहून? खांब खाली करायचे. अजून काय समजू?"

"टाकी नाही?"

"टाकीचं काय काम त्यात, ताई? काही गडबड झाली का?"

मी काहीतरी सांगून फोन ठेवला. शैलेंद्रने कार्ड वाचलं होतं आणि त्यात लिहिलं होतं तेच, तसंच केलं होतं: टाकी पूर्ण रिकामी. आणि प्रशिक्षणाच्या कागदावर त्याची सही मी घेतली होती ती रस्त्याच्या कडेला, माझ्या स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून. चाबी फिरवून दाखवायला त्या दिवशी मला वेळ नव्हता.

मला लाज वाटली. आणि खरं सांगते, लाजेच्या आधी भीती वाटली.

हेमचंद्रांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग दार लावून घेतलं. "दीदी, एक शब्द आहे तो. 'नीचे करें' लिहून नवीन कार्ड काढा, चारही गेटवर चिकटवून टाका. कोणाला कळून राहिलं?"

"अन् शैलेंद्र?"

"त्याला दुसरीकडे लागेल न नोकरी."

"पोलिसांत नाव गेल्यावर गार्डची नोकरी कोण देणार त्याला?"

"तुम्ही हे लिहिलं तर फाइल परत येईल. बावीस वर्षांत तुमची एक फाइल परत आली नाही, दीदी. तुमच्या नावानेच येईल, समजून घ्या. मी मध्ये पडणार नाही."

नवी कार्डं मी काढली. प्रिंटरमधून चार गुळगुळीत कागद बाहेर आले, बरोबर शब्द असलेले. जुनी चार काढून पर्समध्ये टाकली असती तर खरंच कोणाला कळलं नसतं. पाच मिनिटं मी ते कागद हातात धरून बसले. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या बाईचा उंच धरलेला हात डोळ्यांपुढून जात नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली आणि रकाना भरला.

"कारण: सूचना कार्ड की भाषा ग़लत। गार्ड ने कार्ड के अनुसार ही काम किया। गार्ड को चाबी चलाकर दिखाई नहीं गई थी। कार्ड और प्रशिक्षण, दोनों की ज़िम्मेदारी मेरी।" खाली सही केली, पूर्ण नावाने.

इंजिनियर साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला. "मैडम, आज हैंडओवर नहीं होगा."

"जी."

"चारों गेट का प्रशिक्षण दोबारा. मेरे सामने." मग चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "मरीज़ ठीक है. पूछा नहीं आपने."

मी खरंच विचारलं नव्हतं. मी मान खाली घातली. "और गार्ड?"

"गार्ड की तो इसमें कोई ग़लती लिखी ही नहीं है. एजेंसी को मैं बोल देता हूँ."

बाहेर आले तेव्हा हेमचंद्रांची गाडी निघून गेली होती. मी दोन नंबरच्या गेटकडे चालत गेले. पाळी बदलायची वेळ होती. सात-आठ गार्ड, चहावाला, दोन अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सकाळचीच बरीचशी माणसं तिथं होती. शैलेंद्र स्टुलावर बसला होता. शिट्टी, टोपी, पट्टा, सगळं नीट रचून त्याने मांडीवर ठेवलं होतं, परत करायला. हात धुवूनही नखांत तेल राहिलं होतं.

मी त्याच्याजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "शैलेंद्र जी, ग़लती मेरी थी. कार्ड में मैंने ग़लत लिखा था. आपकी नौकरी नहीं जाएगी."

त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. टोपी उचलून त्याने पुन्हा मांडीवर ठेवली.

"मैडम," तो म्हणाला, "सुबह आप ज़ोर से बोली थीं."

मी सरळ उभी राहिले, माणसांकडे तोंड केलं, आणि वडिलांच्या आवाजात पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं.