बोटभर जागा

"इथे लागतंय?"

"नाही."

"आणि इथे?"

"छे! एकदम मस्त बसलाय."

दुकानवाल्या ताई जमिनीवर उकिडव्या बसल्या होत्या आणि टकटकरावांचा उजवा पाय त्यांच्या गुडघ्यावर होता. एरवी माणूस बूट घालून बघतो तेव्हा दुकानदार अंगठ्याने टोक दाबून बोटं कुठे आली ते चाचपतो. इथे ती सोय नव्हती, कारण टोकात पोलादी टोपी होती. ताईंनी बुटाच्या मागच्या बाजूने, टाचेत आपलं बोट घालून पाहिलं. बोट शिरेना.

"काका, हा आठ नंबर लहान होतोय तुम्हाला."

"मला कळत नाही का? पाय माझा आहे."

टकटकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. झाड पाडण्याआधी ते कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर टकटक करत आणि कान लावून ऐकत, आत पोकळ आहे की भरीव. टोळीतल्या कोणीतरी थट्टेने टकटक म्हटलं, दुसऱ्याने त्याला राव जोडला आणि ते असं चिकटलं की पगाराच्या दिवशी मुकादमालाही त्यांचं खरं नाव आठवायला डोकं खाजवावं लागे. बायको तेवढी त्यांना 'अहो' म्हणायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणजे तेही नाव गेलं.

गेल्या आठवड्यात एका आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्या उतरवताना चालू करवत त्यांच्या उजव्या बुटाच्या चवड्यावरून घासून गेली. चामडं फाटलं, आतल्या थरातले लांब पांढरे धागे बाहेर आले, करवतीच्या साखळीत गुंतले आणि मशीन जागच्या जागी बंद पडली. हे बूट बनवतातच त्यासाठी. पाय शाबूत राहिला. पण एकदा कापला गेलेला बूट पुन्हा वापरायचा नसतो, ते धागे एकदाच कामाला येतात. जोडीदाराने बजावलं होतं, नवे बूट आणल्याशिवाय माझ्याबरोबर डोंगर चढायचा नाही. एवढंच करून तो थांबला नाही. आज सुट्टीच्या दिवशी आपली गाडी काढून त्यांना दुकानापर्यंत घेऊन आला आणि स्वतः बाहेर गाडीतच बसून राहिला. दुकानं बघितली की त्याला जांभया यायच्या.

बूट निवडायला टकटकरावांनी फार वेळ लावला नव्हता. ताईंनी आधी एक स्वस्तातला दाखवला होता, त्याला नुसती टोपी होती.

"हा नको," टकटकराव म्हणाले. "ह्याची टोपी फक्त बोटांवर. करवत काय बोटं बघून येते का?"

ताई हसल्या. मग रबराचा एक आला. तो चिखलात चांगला, पण दिवसभर चढायचं म्हणजे त्यात पाय उकडून निघतो. शेवटी हा चामड्याचा ठरला. नडगीपर्यंत उंच, घोट्याला घट्ट धरणारा, तळाला खोल खाचा, आणि पुढे, जिभेखाली, बाजूंना सगळीकडे धाग्यांचे थर. इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. नंबरावर घोडं अडलं.

"तुम्ही आधी काय घालत होतात?"

"नऊ."

"मग नऊच घालून बघा ना."

त्यांनी नऊ घातला, उठले, चार पावलं टाकली आणि मान हलवली. "पाय आत पोहतोय. आठ बरा. आठ कळतो."

ताईंनी वर पाहिलं. "कळतो म्हणजे?"

"म्हणजे बसतो."

"उतारावरून खाली येताना बोटं त्या पोलादावर आपटतील, काका. नखं काळी होऊन गळतील. टाचेत बोटभर जागा पाहिजेच." त्या जरा थांबल्या. "थांबा, जुना दाखवा. त्याच्याशी मापून बघू."

टकटकराव जुने, फाटके बूट घालूनच आले होते. तसं का, तर चप्पल हल्ली पायातून निसटायची, आणि निसटलेली कळायचीही नाही. मागे वळून पाहावं तर चार हात लांब पडलेली. ताईंनी जुना उजवा बूट उचलला, सवयीने उलटा करून झटकला, आणि फरशीवर काहीतरी टक्कन पडलं. लाकडाची ढलपी होती. पेराएवढी, एका बाजूने सुरीसारखी धारदार.

दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"सकाळपासून ह्याच्यावर चालत होतात?" ताईंनी विचारलं.

"छे. आत्ता गेली असेल."

"आत्ता कुठून जाईल? माझ्या दुकानात लाकूड नाही. मोजा काढा बघू."

"ताई, राहू द्या."

"काढा."

मोजा तळव्याखाली ओला होता. घाम असेल, असं टकटकराव म्हणणार होते, पण मोजा राखाडी रंगाचा होता आणि ओल तांबडी. रक्त त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, आपलं आणि इतरांचं. आपलं रक्त आपल्याला न विचारता गेलेलं मात्र ते पहिल्यांदाच पाहत होते.

"शुगर आहे?"

"आहे थोडीशी."

"माझ्या आईलाही थोडीशीच होती," ताई म्हणाल्या. त्यांनी गल्ल्याखालचा औषधांचा डबा काढला, कापूस ओला केला आणि तळवा पुसायला लागल्या. "शेवटी शेवटी तिला घट्ट चपलाच आवडायच्या. मी बरोबर मापाच्या आणल्या की म्हणायची, सैल आहेत, पायात काही आहे असं वाटतच नाही. घट्ट तेवढ्याच तिला कळायच्या."

काही वर्षांपूर्वी टकटकरावांच्या पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. रात्ररात्र झोप नसायची. बायको म्हणायची, डॉक्टरांना सांगा. ते म्हणायचे, बघू. मग हळूहळू मुंग्या थांबल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. बरं झालं, आपोआप गेलं, असं समजून त्यांनी तो विषय सोडून दिला होता, आणि आत्ता ह्या खुर्चीत बसल्यावर त्यांना कळत होतं की काय गेलं होतं.

"जखम खोल नाही," ताई पट्टी लावत म्हणाल्या. "पण डॉक्टरकडे जा. आणि रोज संध्याकाळी तळवे बघायचे. स्वतःचे स्वतःला नीट दिसत नाहीत, दुसऱ्याने बघावे लागतात. घरी कोण असतं?"

"मुलगी असते."

"मग झालं. तिला सांगा."

मुलगी होती, पण एका दिवसाच्या प्रवासावर, तिच्या नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का? जेवलो. औषध घेता ना? घेतो. मग नातीला फोन दिला जायचा आणि नात लाजून पळायची. एवढ्याशा बोलण्यात खोटं बोलायची वेळ कधी आली नव्हती. आज मात्र ते इतक्या सहज बोलून गेले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

बायको दारातल्या उजेडात त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसायची, हातात सुई. "अहो, लाकूड डेपोत पोचवता की पायातून घरी आणता?" असं म्हणत एकेक कुसळ काढायची. ते ओरडायचे. ती गेल्यापासून त्यांचा पाय कोणी पाहिला नव्हता, आणि त्यांनीही नाही. इतक्या दिवसांत आपल्या पायाला माणसाचा हात लागला तो ह्या परक्या बाईचा, आणि तोही कळला नाही, नुसता दिसला. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. त्यांनी भिंतीवर टांगलेली हेल्मेटं मोजायला घेतल्यासारखं केलं.

"करवत अजून तुम्हीच चालवता?" ताईंनी हळूच विचारलं.

"नऊ नंबर द्या," टकटकराव म्हणाले.

नवे बूट त्यांनी तिथेच चढवले. नाड्या वरपर्यंत बांधल्या. ताईंनी टाचेत बोट घालून पाहिलं, ते बरोबर गेलं. दुकानाच्या पायऱ्या ते खाली बघत, एकेक पाय नेमका ठेवत उतरले.

"बूट घेत होतास की शिवत होतास?" जोडीदार गाडी चालू करत म्हणाला. "दाखव. वा! नवरदेव दिसतोस."

चौक गेला, शाळा गेली, पेट्रोलपंप गेला. टकटकरावांना न सांगता निभावता आलं असतं. बुटात ढलपी गेली होती, काढली, एवढं सांगूनही चाललं असतं. पण जोडीनं काम करायची त्यांची एक पद्धत होती. एकजण करवत चालवतो तेव्हा त्याला आवाजात काही ऐकू येत नाही आणि नजरही कापाच्या जागेवर असते. दुसरा मागे उभा राहून झाडाचा शेंडा बघतो. शेंडा हलला की खांद्यावर थाप, आणि दोघांनी आधी साफ करून ठेवलेल्या वाटेने मागे पळायचं. पुढचा अडखळला की मागचा त्याच्यासाठी थांबतो. थांबला की दोघं जीवानिशी जातात.

"मला पाय कळत नाहीत," टकटकराव म्हणाले.

"काय?"

"तळवे. बोटं. काही कळत नाही. दुकानात बुटातून हे एवढं लाकूड निघालं. रक्त आलं होतं."

जोडीदाराने गाडी बाजूला घेतली.

"त्या दिवशी करवत घासली. ते तरी कळलं होतं?"

"मशीन बंद का पडली म्हणून वाकलो, तेव्हा दिसलं."

"मी ओरडलो तर म्हणालास, कळलं कळलं, बोंबलू नकोस."

"म्हणालो."

"अरे, मी तुझ्यामागे वर तोंड करून उभा असतो!" जोडीदाराचा आवाज चढला. "खाली तू बघतोयस ह्या भरवशावर! माझ्या घरात माणसं आहेत!"

हे शेवटचं वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं. ते दोघांनाही समजलं आणि गाडीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. एक ट्रक शेजारून गेला, गाडी हलली.

"कधीपासून आहे हे?" जोडीदाराने खालच्या आवाजात विचारलं.

"ती असताना ती बघायची. नंतर बघायचं राहूनच गेलं."

जोडीदाराने मान डोलावली. स्टिअरिंगवर उगाच हात फिरवला. "मुकादमाशी तू बोलतोस की मी?"

"मी बोलतो."

"सपाटीचं काम देईल. डेपोत ओंडक्यांवर आकडे घालायचं. वाईट नाही ते."

"तिथे कोण असतं?"

"तसं कोणी नाही. वॉचमन येतो संध्याकाळी."

घराशी गाडी थांबली. एरवी इथे जोडीदार म्हणायचा, 'सकाळी हॉर्न देतो.' आज त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "बूट परत करायचे का? विचारू का त्या बाईंना?"

"राहू दे," टकटकराव म्हणाले.

मुकादमाला त्यांनी उभ्या उभ्याच फोन लावला. काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं: इतकी वर्षं, इतकी झाडं, एकही अपघात नाही. त्यातलं काही लागलंच नाही. "बरं झालं सांगितलंत," मुकादम म्हणाला, "उद्यापासून डेपोत जा," आणि फोन ठेवून दिला. निदान एकदा तरी त्याने 'मग वरती कोण?' असं विचारायला हवं होतं. टकटकराव फोन हातात धरून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

ऊन कलायला लागलं तसे ते खुर्चीत बसले आणि उजवा बूट काढला. ताईंनी लावलेली पट्टी जागेवर होती की नव्हती, ते कळेना. पाय गुडघ्यावर घ्यायला गेले तर कंबर अडली. वाकून बघितलं तर टाच तेवढी दिसली. मग त्यांनी मोबाइल पायाखाली धरला. पहिल्या फोटोत पंखा आला, दुसऱ्यात त्यांचाच अंगठा. तिसऱ्यात तळवा आला. कोणातरी परक्या म्हाताऱ्याचा असावा तसा तो दिसत होता: भेगाळलेला, पांढुरका, मधे सुटत आलेली पट्टी आणि तिच्या कडेला, आणखी एका जागी, जुनी काळसर खूण. ही कधीची, ते त्यांना आठवेना.

मुलीचं नाव समोर आणून ते थांबले. बापाने मुलीला असला फोटो पाठवायचा म्हणजे शोभतं का? ती कामात असेल. घाबरेल. आणि नाही घाबरली तर? त्यांना ह्या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त भीती वाटली. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली एका बोटाने लिहिलं, 'जरा बघशील का. मला दिसत नाही.'

फोन मांडीवर पालथा घालून ते बसून राहिले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या घरात नळ सुरू झाला, बंद झाला.

मांडीवर फोन थरथरला. त्यांनी तो उलटून डोळ्यांजवळ धरला.

'बाबा, हे कधी झालं? पट्टी उद्या बदला. मी रात्री फोन करते.' आणि त्याखाली लगेच दुसरा निरोप आला, 'डावा पण दाखवा.'

टकटकरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि डाव्या बुटाची नाडी वरपासून सोडायला घेतली.