गाव कुठलं, मॅडम?

फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकते म्हटलं की आमच्या नातेवाईकांना वाटतं, मी प्रेतं फाडते. नाही हो! गुन्हेगाराच्या डोक्यात काय चालतं ते समजून घ्यायचं असतं. पुढे कोणी पोलिसांना मदत करतं, कोणी कोर्टात मत देतं. मला तुरुंगात समुपदेशक व्हायचं होतं. आईचं म्हणणं, गपचूप बँकेच्या परीक्षा दे.

कॉलेजतर्फे आम्ही तुरुंगात कैद्यांशी बोलायला जायचो. शरच्चंद्र सरांचा नियम एकच. स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. माझ्या वाट्याला अनंत आला. एका मुलीने नकार दिला म्हणून तो तिच्या घरी गेला, तिच्या आईने त्याला आत बसवलं आणि त्याने त्या आईचाच गळा आवळला, असा त्याच्यावर आरोप.

बसल्याबसल्या त्याने विचारलं, "गाव कुठलं, मॅडम?" कोकणातल्या माणसाला हे विचारलं की उत्तर आपोआप बाहेर पडतं. मी मूर्ख, गाव तर सांगितलंच, वर "आमचं ग्रामस्थ मंडळ आहे ना बोरीवलीत" हेही सांगून बसले. आडनाव गळ्यातल्या कार्डावर होतंच. सरांना काही बोलले नाही. म्हटलं, गावाचं नाव तर सांगितलं, त्यात काय एवढं!

आज दुपारी अंधेरीला लेक्चर संपता संपता सर म्हणाले, "गंधाली, तुझ्या त्या अनंतला जामीन मिळाला बरं का." बाहेर धावले आणि आईला फोन लावला.

"बरं झालं केलास," आई खुशीत होती. "आपल्या गावचे एक जण आलेत. मंडळातून पत्ता घेतला म्हणे. अनंत नाव. तुला ओळखतात. किती गोड बोलतात गं!"

ओरडले असते तर त्याला ऐकू गेलं असतं. हळूच म्हटलं, "आई, आत्ताच्या आत्ता शेजारी जोसेफीन आंटीकडे जा."

"वेडी का तू? पाहुण्याला एकटं टाकून? चहा ठेवलाय मी."

खरं सांगितलं असतं तर तिच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. काय करू, काय करू? आमच्या बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन असतो, चार माणसं असतात. तिला नुसतं घराबाहेर काढायचं होतं.

"आई, मी खाली गेटपाशी पडले गं. पाय मोडलाय बहुतेक. धावत ये!"

"अगं बाई!" गॅस बंद केल्याचा आवाज आला, मग दार आपटलं. सुटली! मी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले.

"आई, वॉचमनपाशी थांब हं, तिथून हलू नकोस."

"आले गं, रडू नकोस," आई धापा टाकत म्हणाली. "तुला उचलायला हेही येतायत सोबत. देवासारखे भेटले बघ. लिफ्टमध्येच शिरतोय आम्ही."

"आई, जिन्याने ये! आई, ऐक ना, आई..."

आमच्या लिफ्टमध्ये रेंज नसते.