ढिगाला चुना

कोळसा उगाळावा तितका काळाच, असं म्हणतात. पण खाणीच्या साहेबांनी तो पांढरा करून दाखवला. फाटकाजवळच्या ढिगातून कोळसा चोरीला जायचा, म्हणून त्यांनी हुकूम काढला : ढिगावर रोज सकाळी, गिऱ्हाइकांचे ट्रक भरून गेले की, पातळ चुना फासायचा. कोणी कोळसा उचलला की तिथे काळं भोक पडणार आणि चोरी उघडी पडणार.

काम आलं चौकीदाराच्या गळ्यात. गडी सरळ, देवभोळा, पण कुंचला कधी धरलेला नाही. त्याने चुना लावला की कोंबडीने अंगण उकरल्यासारखा ढीग दिसायचा. त्यात पहिल्याच संध्याकाळी मधोमध काळा डाग निघाला.

"पुन्हा डाग दिसला," साहेब म्हणाले, "तर क्वार्टरची किल्ली टेबलावर आणून ठेवायची."

क्वार्टरमध्ये बायको, दोन मुली आणि सासूबाई. सगळ्यांना घेऊन जायचं कुठे? चौकीदाराने देवाला हात जोडले. आणि खरंच, पुढे डाग दिसला नाही. देव एवढ्या लवकर ऐकतो म्हणून तो भरल्या डोळ्यांनी जेवायचा. दुपारचा डबा सासूबाई स्वतः टोपलीतून आणत. जेवण झालं की त्याला तिथेच डुलकी लागे.

एके दिवशी डुलकीतून उठून तो ढिगाभोवती फिरला आणि थबकला. त्याच्या फराट्यांच्या मधोमध एक हातभर जागा अशी गुळगुळीत, अशी शुभ्र, की तिथे बसून पोथी वाचावी. एवढा सुरेख हात त्याने एकाच ठिकाणी पाहिला होता : स्वतःच्या स्वयंपाकघरात, शेगडीमागच्या भिंतीवर.

सासूबाई टोपली काखोटीला मारून फाटकाकडे निघाल्याच होत्या.

"आई, टोपलीत काय आहे?"

"तुमचा डबा."

"आणि डब्याखाली?"

"शेगडीपुरतं. आंघोळीचं पाणी काय तुमच्या भजनाने तापतं?"

"अहो, माझी नोकरी जाईल!"

"जाऊ नये म्हणून तर चुन्याचा गडू बरोबर आणते, जावईबापू. काळं ठेवून गेले का मी एकदा तरी? पहिल्या दिवशी ठेवलं, तेव्हा मला हा हुकूम माहीत नव्हता. तुमची एवढी काळजी दुसरं कोण करतं?"

तेवढ्यात फेरीवर निघालेले साहेब समोर येऊन उभे राहिले. त्यांची नजर थेट त्या शुभ्र जागेवर.

"हे कोणी रंगवलं?"

चौकीदाराने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. खोटं बोलावं तर देव बघतोय, खरं बोलावं तर साहेब ऐकतायत.

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"मग एवढंच का?"

"तेवढाच नेला."

आणि त्यांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. खरं बोलायला त्यांना कधी वेळ लागत नसे. फक्त कोणीतरी विचारायला हवं.

साहेबांनी टोपलीत पाहिलं, ढिगाकडे पाहिलं, मग चौकीदाराच्या फराट्यांकडे पाहून त्यांना हसू आवरेना. "उद्यापासून सगळा ढीग तुम्ही रंगवा. शेगडीचा कोळसा खाणीकडून मिळेल, मागून घ्यायचा. बाकीचा सांभाळायचा."

लोक म्हणाले, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण त्या दिवसापासून एक खडा हलला नाही. अडचण इतकीच झाली, की गिऱ्हाइकाचाही हलेना. चुना आता पहाटेच लागे, आणि ट्रक आला की सासूबाई कुंचला आडवा धरून उभ्या.

"आत्ता हात फिरवलाय. ओला आहे."

"मावशी, पैसे भरलेत मालाचे," ड्रायव्हर काकुळतीला आला.

"मग मागच्या बाजूने घे. आणि भोक पाडून पळायचं नाही. हा घे कुंचला. वरून खाली फिरव. जावयासारखा नको."

ट्रकांची रांग वाढली, तसे साहेब स्वतः समजूत घालायला आले. परत गेले तेव्हा त्यांच्याही बाहीला चुना होता. संध्याकाळी त्यांनी चौकीदाराला बोलावलं. तो क्वार्टरची किल्ली मुठीत घेऊनच गेला.

"ठेव ती खिशात," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुझी नोकरी पक्की. उद्या सकाळी सहा ट्रक यायचेत. त्यांच्याशी तूच बोल, बाबा. तू घरचा आहेस."